एका खेपेत

नळी विट्याहून आली, जुन्या साडीत गुंडाळलेली,
ऐंशी मिलिमीटरची. तिला पाय नव्हते.
विकणारा म्हणाला, पाय तुमचे तुम्ही बघा.

पाय म्हणजे काय, हे मला माहीत आहे.
एकवीस वर्षं सलाईनचे स्टँड ढकलतेय
चार नंबरच्या वॉर्डात. चाक फरशीच्या फटीत अडलं
की बाटलीतलं पाणी किती वेळ हलत राहतं
ते मी पाठमोरी सांगेन.

पुण्याच्या दुकानातून फोटो आला:
तिरक्या कण्याचा, एका बाजूला लोखंडी वजन, भारदस्त.
"मॅडम, एकदा ध्रुवाकडे तोंड करून लावला
की तारा सुटत नाही."
मी परसात गेले ध्रुव बघायला.
मिरजेत तो वर चढत नाही फारसा,
हात लांब धरला तर वीतभरही नाही,
आणि त्या वितीत मगदूमांची काळी टाकी.
अढळपद तिच्यामागे.
शिवाय अकरा किलो, नळी सोडून.
चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधून कुणीतरी
नाही म्हणालं. पेशंट उचलून उचलून
ती जागा बोलकी झाली आहे.

मग भाच्याचा कॅमेऱ्याचा ट्रायपॉड.
हलका, करंगळीवर येईल.
गुरू धरला. फोकसला बोट लावलं,
तर गुरूला हुडहुडी भरली.
सवयीने मोजायला लागले. नऊपर्यंत मोजलं.
थांबला तेव्हा तो काचेच्या काठावर होता,
आणि मग नव्हताच.

हलकं हवं की स्थिर, सगळे विचारतात.
दुसरी पाळी संपवून साडेअकराला घरी येणाऱ्या बाईला
दोन्ही हवं, एका खेपेत, एका हातात,
कारण दुसऱ्या हातात कुलूप आणि बॅटरी,
आणि मागच्या दाराच्या दोन पायऱ्यांतली
एक फुटकी.

पाटबंधारेच्या भंगारात तीन लाकडी पाय सापडले,
टोकाला लोखंडी नखं,
नखांत कुठल्यातरी कालव्याची वाळलेली माती.
साडेतीनशे रुपये, वजनावर.
डोकं मात्र नव्हतं.

डोक्यासाठी सतारमेकर गल्लीत गेले,
दस्तगीरमामूंकडे. मोतीबिंदूनंतर
त्यांच्या डोळ्यावरची पट्टी मीच सोडली होती.
"सिस्टर, जिंदगीभर लाकूड बोलावं म्हणून घासलं.
तुमाला मुकं पायजे?"
मुकंच, मामू.
पायाला टिचकी मारून कान लावला, बराच वेळ.
"मग भोपळा नको," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

तंबोऱ्याच्या दांडीतून उरलेला तूनचा तुकडा,
त्यात शिसवी खुंटी, निमुळती,
आत दाबली की घट्ट, ओढली की सैल.
"घसराया लागली तर खडू लावा. तेल नको.
तेलानं तार उतरती."

टिचकी मारली. एक. दोन.
दोनला गुरू थांबला.
तेव्हा मी पायरीवर बसले, फुटक्याच.

शुक्रवारी मामू आले, डोळ्याला डोळा लावायला.
"बाजूला दाणे कसले?"
चंद्र. चारही त्याचेच.
"सरकतंय की हे."
ते नाही, मामू, आपण.
यावर त्यांनी वाद घातला नाही.
डोळा न काढता हात खुंटीपर्यंत गेला
आणि केसभर, तार चढवावी तशी, फिरवली.
मग पुन्हा केसभर. मग पुन्हा.
असे किती वेळ उभे होते कोण जाणे;
चहावर साय आली.
टाकीमागच्या ध्रुवाची
कुणालाच आठवण झाली नाही.

सकाळी पाच नंबरच्या बेडपाशी
तापाच्या तक्त्यावर पांढरा अंगठा उमटला.
सिस्टर, हे काय?
खडू, म्हटलं.
आणि पुढच्या मनगटावर बोटं ठेवली.