पाचर

आमच्या बेटावर झाड नाही.
म्हणजे आहेत सात, चर्चच्या भिंतीआड,
मेंढ्यांपासून आणि वाऱ्यापासून लपवलेली.
हातात करवत असताना त्यांच्याकडे नुसतं बघितलं
तरी गावात बोलवा होईल.

सुताराचे डोळे झाडाकडे लागतात,
आमचे समुद्राकडे.
रात्री वादळ झालं की सकाळी किनाऱ्यावर
चार-पाच जण, सहज फिरायला आल्यासारखे,
हात पाठीशी, नजर शेवाळात.
कुणाला ओंडका मिळतो, किड्यांनी चाळण केलेला,
कुठल्या नदीतून सुटला देव जाणे.
कुणाला मासळीच्या खोक्याची फळी.
एरवी आहेतच गोदामामागची मोडकी पॅलेटं
आणि शाळेनं टाकलेली बाकं,
ज्यांच्या पोटाखाली आमच्यातल्या दोघांची नावं
अजून वाचता येतात.

दर गुरुवारी येग्वनच्या होडीघरात जमतो.
होडी कधीच विकली, तिच्या जागी लांब टेबल.
दार दर झुळकेला आदळतं
म्हणून आम्ही मोठ्यानं बोलतो;
बाहेरून जाणाऱ्याला भांडण वाटतं.
नियम एकच: वस्तू टेबलावर ठेवायची
आणि आधी सांगायचं, कुठे चुकलं.
"झाकण नीट बसतं, पण फक्त जूनमध्ये."
"इथे पटाशी घसरली. हा डाग पॉलिशचा नाही, माझा आहे."
हानुस बँकेतून निवृत्त झालेला,
त्याला हे जमायला दोन हिवाळे लागले.
पहिल्या दिवशी म्हणाला, "चुकलं काहीच नाही,"
आणि सगळ्यांसमोर खण ओढला.
खण आला नाही. दमट हवेनं फुगून बसला होता.
कुणी हसलं नाही.
येग्वननं नुसता मेणबत्तीचा तुकडा पुढे सरकवला,
कडांना घासायला.

आणि तो साग.
मोडीत काढलेल्या ट्रॉलरच्या सुकाणूघरातला,
हातभर लांब, जुन्या मधाच्या रंगाचा,
एका टोकाला खिळ्याचं भोक, भोवती काळं.
महिनाभर एकाकडे राहायचा, मग पुढच्याकडे.
ज्याला सुचेल त्यानं कापावा.
मी त्यातून घड्याळाची चौकट काढली, कागदावर.
हानुसनं नातीसाठी पेटी, कागदावरच.
येग्वन त्याला रोज रात्री जवसाचं तेल पाजायचा
आणि झोपायला जायचा.
चार वर्षं तुकडा घरोघर फिरला
पाहुण्यासारखा,
ज्याला कुणी काम सांगत नाही.

मग तो रान्वाकडे गेला.
रान्वा, एक्क्याऐंशीची, बोटीवर तिकिटं फाडण्यात हयात गेलेली,
हिशेबाला पक्की, कौतुकाला कच्ची.
त्या गुरुवारी ती उशिरा आली,
टेबलाकडे न येता दाराशीच वाकली
आणि हातोडीचे तीन घाव.

पाचर.
दाराखाली, सागाची.

येग्वन मटकन खाली बसला.
हानुस म्हणाला, "अगं, आमच्या सगळ्यांच्या बेतांना पाचर मारलीस!
ती कशाचीही झाली असती!"
"झाली होती की. पाइनची. तीनदा. कुजली."
मग जे बोलणं सुरू झालं ते आमच्या नेहमीच्या आवाजात,
आणि मध्येच, एकेकाच्या, लक्षात आलं
की ओरडायची गरज नाही.
दार गप्प होतं.
वारा बाहेर होता, पाणी बाहेर होतं.
आत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
हानुसचं नाक वाजतं ते ऐकू आलं.

"कुठे चुकलं ते सांग," मी म्हटलं. नियम तो नियम.
रान्वानं चष्मा पुसला.
"उतार जरा जास्त पडला.
आणि चार वर्षं उशीर."

उरलेला तुकडा तिनं परत दिला,
खिळ्याच्या भोकाकडचा, वीतभर.
या महिन्यात तो माझ्याकडे आहे.
खिडकीत ठेवलाय, उन्हाच्या बाजूला,
ऊन आलंच तर.
पेन्सिलीनं एक रेघ मारली होती,
ती काल खोडली.
आज करवतीला धार लावली.
धार चांगली लागली आहे,
एवढंच येत्या गुरुवारी सांगता येईल.