आठ वार, एक कंबर

कास्मिरोने गाठोडं काउंटरवर ठेवलं
आणि नेहमीसारखं म्हणाला, "बाय, कात्री दूर ठेव."
चाळीस वर्षं हेच.
मी काय कात्री खाते?

मडगावच्या जुन्या बाजारात हे दुकान वासू मेस्तचं होतं.
त्याच्या वहीत कास्मिरोचं एक अख्खं पान.
पहिला आकडा मेस्तच्या हातचा: कंबर एकतीस.
बोटीवरून नुकता उतरलेला तरणा पोर,
ग्लासगोच्या कुणा पायपरच्या विधवेने दिलेला किल्ट घेऊन.
पुढचे आकडे माझे.
चौतीस, लग्नाच्या आधी.
अडतीस, एस्पेरांसच्या हातचं सोरपोतेल वर्षभर खाल्ल्यावर.
बेचाळीस.
तेव्हा मेजपट्टी ताणून म्हणाला होता, "श्वास सोडू का?"
मी म्हटलं, "सोड, निऱ्यांत आहे अजून."

दारावरची माणसं हसायची, पुरुषाचा घागरा म्हणून.
घागरा कसला?
नऊवारीला एक वार कमी,
आणि निऱ्या पोटावर नाहीत, पाठीला.
पुढून सपाट, इस्त्री केलेल्या स्वभावासारखा.
लाल चौकडा बघून माझी कुणबी शेजारीण
पदर शेजारी धरून बघायची:
"आमचोच न्हय गे हो?"

मेस्तने शिकवलं ते एवढंच:
हे कापड कापायचं नसतं.
माणूस फुगला तर निरीतून सोडायचं,
आटला तर निरीत ठेवायचं.
सगळं आतच असतं, दिसत नाही इतकंच.

गेल्या दोन वेळा नुसतं बक्कल सरकवलं.
एकोणचाळीस. मग छत्तीस.
आता सरकवायला जागा उरली नाही,
निऱ्या कुशीवरून पुढे यायला लागल्या.
पट्टी लावली. तेहेतीस.
पुन्हा लावली.
"सोमवारी बांबोळीला जातो," तो म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, मासळी बाजारात जातो.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या,
म्हणून बोलायचं राहिलं. बरं झालं.

सत्तावीस निऱ्या.
उसवताना मेस्तचे टाके लागले,
सगळे सारखे, दात विंचरल्यासारखे.
त्यांच्या शेजारी माझ्या बेचाळीसची भोकं,
ऑगस्टच्या दमट हवेत लोकर वास मारत होती,
मेंढी, मीठ, आणि जुना ताडेल.
प्रत्येक निरीत घ्यायचं
उकड्या तांदळाच्या एका दाण्याएवढं.
जास्त घेतलं की पिवळी रेघ चुकते,
हिरव्याखाली लाल येतो,
आणि पाठमोरा माणूस वाकडा दिसतो
त्याचा काही दोष नसताना.

तीन रात्री लागल्या.
पक्की टीप नाही मारली मी.
हाताने शिवलं, दोरा लांब सोडून,
ओढला की सुटेल असा.

शुक्रवारी नेसून आरशापुढे उभा राहिला.
आरसा अरुंद, एका वेळी अर्धाच कास्मिरो मावतो.
एक गिरकी घेतली.
निऱ्या उघडल्या, मिटल्या.
"वाजवशील का फेस्ताला?" मी विचारलं.
"फुंकर पुरत नाही. पुतण्या वाजवेल.
मी कणसांपुढे चालेन, सायबिणीला दिसलो की झालं."

मग पैसे काढले आणि भांडायला लागला.
"पाचशे? गेल्या खेपेला दीडशे घेतलेस!"
"गेल्या खेपेला बक्कल होतं."
"माणूस कमी झाला, शिलाई वाढली?"
"तसंच असतं, कास्मिरो.
कमी करायलाच जास्त टाके लागतात."

चारशेवर तुटलं.
पन्नास उधार ठेवून गेला,
पुढच्या वेळी देईन म्हणाला.
मी वहीत लिहून ठेवलंय.