नेढं

खोक्यातून निघाली तेव्हा ती कुणाचीच नव्हती.
एकतीस डॉलर, टपालखर्च वेगळा.
पात्यावर डांबरासारखा काळा रंग,
दांड्यावर लाखेचा असा थर
की हात घसरावा, ओल्या मासळीवरून घसरतो तसा.
टॉमाहॉक म्हणे!
मला दिसली ती तोंड न धुता
शाळेत पाठवलेली पोर.

मी वाइल्डा स्टॅम्पर.
एकोणतीस वर्षं लेचर काउंटीच्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या.
पिवळ्या रंगाखालचा गंज मला नुसत्या आवाजावरून कळतो.
आता गॅरेजात गाडी नाही.
एक शेगडी आहे, एक शिकंजा, चार कानशी,
आणि आईची लोणच्याची बरणी,
जिच्यात आता काकड्या पडत नाहीत.

आधी पात्याच्या बाजूचा स्क्रू काढते.
स्क्रू लागतो याचा अर्थच असा
की दांड्याचं आणि नेढ्याचं अजून जमलेलं नाही.
दांडा वरून घालायचा, नेढ्यातून खाली ओढायचा,
म्हणजे दर फेकीला पातं अधिकच घट्ट बसतं.
पाचर नको, खिळा नको,
नुसतं एकमेकांना घासून घेणं.

मग पातं बरणीत, व्हिनेगरमध्ये, रात्रभर.
बारीक बुडबुडे येत राहतात,
जसं कुणी झोपेत पुटपुटतंय.
सकाळी रंग लोंबतो भिजल्या कागदासारखा
आणि खालून निघतं
राखाडी, डागाळलेलं, खरं पोलाद.
एका रात्रीत एवढं म्हातारपण!
मला अडुसष्ट वर्षं लागली.

लाख मी काचेने खरवडते, फुटक्या बाटलीच्या.
हिकरीचे रेषे उघडे पडतात,
त्यांच्यावर गॅसची ज्योत फिरवायची, पट्टे उठेपर्यंत,
मग जवसाचं तेल, हाताच्या उबेने मुरवलेलं.
तेलाच्या चिंध्या मात्र पसरून वाळवायच्या.
गोळा करून कोपऱ्यात ठेवल्या की आपोआप पेट घेतात,
आमच्या घराण्यातल्या बायकांसारख्याच.

मे महिन्यात जुन्या बाजारात
एकाने एक उचलली, उन्हात धरली.
"किती जुनी?"
"मंगळवारची."
तो हसला नाही.
"घराण्यातली असेल तर तिप्पट देईन."
खोटं कशाला बोलू, जिभेवर एक पणजोबा आला होता,
टोपीसकट, बंदुकीसकट,
चिलीमसुद्धा पेटवून बसला होता.
मी त्याला परत पाठवलं.
"तैवानची आहे," म्हटलं, "गंज तेवढा माझा."
त्याने ती ठेवली, हळूच, आजारी माणसाला टेकवावं तशी.
शेजारी काकवी विकणारी ओलीन दिवसभर
माझ्याकडे बघून मान हलवत राहिली.

डॉर्सी माझा धाकटा भाऊ.
खाणीत छताचे बोल्ट ठोकताना
उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली.
तेव्हापासून हातोडी, फावडं, कुऱ्हाड
त्याने भिंतीला टांगली
आणि भिंतीकडे पाठ करून बसायला शिकला.

मी त्याला खिडकीच्या पुट्टीचा गोळा दिला. दाब, म्हटलं.
कशाला, ते सांगितलं नाही.
त्यानेही विचारलं नाही, सामना बघत होता.
तीन बोटांचे तीन खड्डे,
अंगठ्याचा एक खोल,
आणि जिथे काहीच नाही तिथे पुट्टी फुगून वर आलेली.
तो फुगवटा मी दांड्यावर तसाच ठेवला.
म्हणतात, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.
हा मी गोतासाठीच घासला, सात संध्याकाळी.

रविवारी मागच्या अंगणात
सायकॅमोरच्या ओंडक्याची चकती उभी केली.
पहिली फेक चकतीवर आडवी आपटली.
दुसरी गवतात.
तिसरीला कुत्रा पळाला.
नंतर मी मोजायचं सोडलं, शेंगा सोलत बसले,
आणि मग तो आवाज आला,
भरीव, बुटका,
दार नीट लागतं तेव्हा येतो तसा.

डॉर्सी चकतीपाशी गेला.
बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.
पातं उपटून घेऊन आला माझ्याकडे,
आभार वगैरे काही नाही.
"इथे जरा जास्त राहिलंय,"
अंगठ्याने जागा दाखवत म्हणाला.

मी शेंगा बाजूला ठेवल्या
आणि काच आणायला उठले.