विरजण

ऑगस्टात गॅलियम येतं ते पाणी होऊनच.
बाटलीवर छापलेलं असतं: घन, शंभर ग्रॅम.
कस्टम्सच्या शेडमध्ये नऊ दिवस पडून
ते लेबल खोटं ठरलेलं असतं.

साजाच्या गोदामातून प्रयोगशाळेपर्यंत
अल्ताफ हमदुले ती बाटली
शेजारच्या सीटवर, पट्टा लावून आणतो.
"ताप उतरला नाय हिचा," म्हणतो,
आणि सही घेतो.

तीस अंशांना वितळणारा धातू.
बाहेर सेहेचाळीस, आत बावीस,
तरी संध्याकाळपर्यंत गोठायचं नाव नाही.
बाटली कलंडली की आरसा सरकतो,
त्यात छताच्या नळ्या, माझी हनुवटी.
गोठायचं आहे एवढं त्याला कळलंय;
सुरुवात कुठून, ते नाही.

मला घट्ट तुकडे हवेत, तोलून,
भट्टीच्या तोंडाशी ठेवायला.
फ्रीजमधून जुन्या खेपेचा कण काढते,
तिळाएवढा.
"हा टाकला की जमेल."
"म्हंजे विरजण लावायचा, असं बोला ना मॅडम!"

माझ्या खानदेशी कानाला
त्याचं बाणकोटी मराठी ओलं लागतं.
एवढ्या वर्षांत या खोलीत
कुणी न्यूक्लिएशनचं भाषांतर केलं नव्हतं.

तीळ पडला.
आवाज नाही. एक राखाडी कड निघाली
आणि चालू लागली,
टोकदार, कोन धरत,
पाणी मागे सरत गेलं.
डॉ. मौझासुद्धा हातमोजे काढून वाकून बघत राहिल्या,
त्यांनी हे शंभरदा पाहिलं असेल.
अल्ताफला गाडी लावायला वीस मिनिटं होती,
तो चाळीस थांबला.

मग सांगत बसला:
रोल्याच्या खोलीत आठ माणसं,
आणि एक दह्याचं भांडं, अकरा वर्षांचं.
मूळचं विरजण कुणी आणलं कुणास ठाऊक,
केळशीचा कुणी सुतार होता म्हणे.
माणसं गेली, व्हिसा संपले, एक तर पेटीतून गेला,
रोज रात्री एक चमचा मागे ठेवायचा
हा नियम कुणी मोडला नाही.
रमजानात भांडं मोठं लागतं, इतकंच.

जेवायचा डबा तो टेबलावर ठेवणार,
तेवढ्यात मी ओरडले.
ॲल्युमिनियम!
याचा थेंब लागला तर डबा बिस्किटासारखा चुरतो.
त्याने डबा छातीशी धरला,
बाटलीकडे पाहिलं,
आणि पहिल्यांदाच तिला "तो" म्हणाला.

सप्टेंबरभर भट्टी.
नऊशे अंशांवर गॅलियमची वाफ, प्राणवायूचा धागा,
नीलमच्या चकतीवर थर चढतो,
इतका नितळ की चढला का, हे तिरक्या उजेडात बघावं लागतं.
त्यात सिलिकॉन, लाखात एक.
कमी पडलं तर वीज वाहत नाही,
जास्त झालं तर अडत नाही.
आम्हाला अडणारीच हवी आहे:
एवढ्याशा पापुद्र्याने
अख्ख्या सौर मैदानाचा दाब पेलावा.

अल्ताफने विचारलं, "याचा काय व्हनार?"
म्हटलं, वाळवंटातली वीज शहरात आणताना
वाटेत उष्णता होऊन सांडते, ती कमी सांडेल.
"कवा?"
दहा वर्षं. कदाचित जास्त.
"तवर मी घरी असेन," तो म्हणाला,
तक्रार नव्हती, गणित होतं.

अकराशे व्होल्टला चौदावा नमुना गेला.
रात्री अडीचला. एक निळी टिचकी,
आणि सूक्ष्मदर्शकाखाली
करपलेल्या दुधासारखा डाग.
वहीत लिहिलं: कडेला क्षेत्र जास्त. पुन्हा.
तेराव्याने नऊशे सोसले होते.

आता गोदामातून दुसराच मुलगा येतो,
बाटली मागच्या डिक्कीत टाकून.
अल्ताफची बदली फुजैराला झाली, की गावी गेला,
त्याला माहीत नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात
तो तोच डबा देऊन गेला होता, दह्याने भरून,
प्रयोगशाळेच्या दाराबाहेरूनच.
दही संपलं. एक चमचा मागे ठेवला होता;
माझ्या फ्लॅटमध्ये ते आता तिसऱ्या महिन्यात आहे,
जरा आंबट.

डबा घासून कपाटावर ठेवलाय.
रिकामा परत करत नाहीत.
आणि पत्ता नाही.