पंच नंबर दोन

तहसीलसमोर माझी झेरॉक्सची टपरी,
म्हणून पंचनाम्याला मी हाताशी.
"इराप्पा, दोन मिनिटं ये रे,"
की मी शटर अर्धं ओढतो, सही करून येतो.

चौदा वर्षं.
जप्त टिपर एक. वाळू तीन ब्रास.
मागं नऊ टिपर उभे, ताडपत्री आवळलेले,
ते मला दिसत नाहीत असं मीच लिहून दिलंय.
कधी बशीखाली पाचशेची नोट,
कधी नुसताच चहा.

भीमेकाठी मतदानाची शाई
महिनाभर नखात राहते.
लिलाव एका दुपारीत उरकतो.
कुणीही निवडून आलं तरी बोटी त्याच,
झेंडा तेवढा नवा बांधतात,
खाली डिझेलचा तवंग जुनाच.

सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हा
रेवप्पा कोळ्याची नात कस्तुरी
म्हैस धुवायला पाण्यात उतरली.
गुडघाभर पाणी. तिचा रोजचा उतार.
पुढचं पाऊल बोटीनं उकरलेल्या खड्ड्यात.
म्हैस एकटी घरी आली.

पूनम गेटसमोर गाव अकरा दिवस बसलं.
निवेदन घेतलं, पोच दिली, शिक्का उलटा.
बाराव्या दिवशी मंडपवाल्यानं मंडप सोडला,
भाडं थकलं होतं.
तेराव्या रात्री बोट पेटली.

सकाळी मला जीपमध्ये घातलं.
लोखंडी सांगाडा, इंजिन जळून निकामी,
नुकसान बावीस लाख.
अनोळखी इसम, चाळीस ते पन्नास,
आणि अनोळखी इसमांत पहिलं नाव
रेवप्पा मलकप्पा कोळी, वय एकोणसत्तर.

मी म्हटलं, साहेब, आणि खड्डा?
"खड्डा या पंचनाम्यात येत नाही."
मग कुठल्या?
ते मोबाईलकडं बघत राहिले.

मी चपला काढल्या.
टपरीचा पडदा बांधायची सुतळी होती खिशात,
तिला दगड बांधला, सोडला.
सात हात. नऊ. अकरा.
सुतळी संपली, दगड अजून खालीच चालला होता.
काठावरची माणसं एक शब्द बोलली नाहीत.
पोलिसांच्या काठ्या आणि त्यांचे पाय,
मध्ये एवढीशी ओली जागा.

कागद पुढं आला. पंच नंबर दोन,
खुणेची फुली मारून ठेवलेली.
मी पहिल्यांदाच वाचायला घेतला, वरपासून.
"वाचतोस काय, नेहमीचंच हाय."

मी म्हणालो, पेनातली शाई संपली.

तिघांनी खिशातून पेनं काढली.