खारपाणाची कड

मॅटॅडोर आधी गुरांचा फिरता दवाखाना होती.
अजूनही ऊन तापलं की पत्र्यातून
फिनाईलचा वास निघतो.
देवमननं आत लोखंडी बाज वेल्ड केली,
पडक्या शाळेच्या दोन खिडक्या बसवल्या,
मागच्या दाराला माझ्या जुन्या पातळाचा पडदा,
आणि म्हणाला, ‘चाल, तुले समुंदर दाखोतो.’

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. बंद केलं.
‘काका, हे गाडी घाट नाही चढत.’

म्हणून आम्ही या किनाऱ्यानं निघालो.

दर्यापुरात दर्या नाही.
नाव कोणी ठेवलं, कोण जाणे;
पण विहिरीला विचारलं तर ती सांगते
इथे काहीतरी होतं, आणि पुरतं गेलं नाही.
वर अंजनगावकडे पानमळे, संत्री, गोडं पाणी.
खाली पूर्णेच्या अंगाला खारं.
मधली रेघ नकाशात नाही, सातबाऱ्यावर नाही.
जिभेवर लागते.

गाव आलं की गाडी थांबवायची,
पहिल्या दाराशी पेलाभर पाणी मागायचं.
‘नळाचं नको, बाई. हिरीचं.’
लोक आधी बिचकतात,
मग खाट बाहेर येते.

अंगणवाडीच्या उरलेल्या रजिस्टरात,
लेकरांच्या वजनाच्या रकान्यात
मी लिहीत गेले:
मारुतीजवळची विहीर, गोडी, जराशी गंजाची.
शाळेमागचा हातपंप, मचूळ.
धुऱ्याच्या वरचं शेत, घोटभर जातं.
धुऱ्याच्या खालचं, बैलही तोंड फिरवतो.
धुऱ्यावर एक बोर.
देवमननं गाडी त्या बोरीखाली लावली,
डावी चाकं समुद्रात, उजवी जमिनीवर.

माघ उतरणीला लागलेला.
हरभऱ्यात घाटे भरलेले,
चालले की आंब पोटऱ्यांना झोंबते.
उत्तरेला गाविलगडाची रांग
दिवसभर निळी, सोबतीला;
जवळ येत नाही, मागेही राहत नाही.
देवमनला ढेकळांत एक शिंपला सापडला,
नखाएवढा, पांढराफट.
‘गोगलगायीचा आहे,’ मी म्हटलं.
त्यानं पुसून डॅशबोर्डवर ठेवला,
टोल भरल्याची पावती ठेवावी तसा.

दिवेलागणीला शेताची मालकीण आली,
पंचफुला वाकोडे.
माहेर बोरीच्या वर, सासर बोरीच्या खाली.
‘दीड कोस,’ ती म्हणाली. ‘दीडच.’
लग्नानंतर पहिल्यांदा तुरीची डाळ चढवली,
दुपार टळली तरी दाणा फुटेना.
चुलीशी बसून रडली.
आंघोळीला गेली तर साबणाला फेस नाही,
तिथं परत रडली.
‘अन् आता?’
‘आता माहेरचा चहा मले पानचट लागते.’

आमच्या कॅनमधलं गोडं पाणी तिनं चाखलं,
चूळ भरल्यासारखं तोंडात फिरवलं,
गिळलं. काही बोलली नाही.
मग पातेल्याकडे बघत विचारलं,
‘समुंदराच्या काठच्या बाया
डाळ कशी शिजोतात वं?’

देवमननं माझ्याकडे पाहिलं.
चाळीस वर्षं समुद्र समुद्र करत आलो,
लाटा विचारल्या, भाडं विचारलं,
सूर्य किती वाजता बुडतो ते विचारलं.
हे कधी सुचलं नाही.

रात्री टपावर बोरं पडत राहिली. टप. मग बराच वेळ
काही नाही. मग टप.

सकाळी रजिस्टरात नवा रकाना आखला: डाळ.
पट्टी नव्हती, रेघ वाकडी आली.
बॅटरी उतरलेली.
पंचफुलाचा दीर आणि शाळेला निघालेली तीन पोरं
मागून गाडी ढकलतायत,
आणि देवमन खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडतोय,
‘ढकला बाप्पा, पण डाव्या अंगाले नोका!
तिकडं समुंदर हाये!’