गोलमागनं

मिरजेच्या रेल्वे मैदानावर
दस्तगीर बॉल घेऊन वर निघाला की
मला कळतं, आता हा परत येत नाही.
रात्रपाळी उरकून आलेला सायमन
माझ्यापाशीच रेंगाळतो,
आणि दोघांच्या मधे
अख्खी मालगाडी वळवता येईल
एवढी जागा.

इचलकरंजीच्या दहा नंबरला ती आत्ता दिसली.
मला पहिल्या मिनिटापासून दिसत होती.
"दस्त्या, मागं ये!"
तेवढ्यात कोल्हापूर पॅसेंजरनं भोंगा दिला.

तिसरा बॉल फाटक्या जाळीतनं
थेट रुळापर्यंत गेला.
आणायला मीच.
परत येताना गोलमागनं पाहिलं:
डाव्या खांबापाशी,
मी नेहमी उभा राहतो तिथं,
गवत घासून गेलंय.
उजवीकडं हिरवंगार.

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.